३१ डिसेंबरची घरगुती मेजवानी : नवख्यांसाठी नागपुरी पदार्थांचे वेळापत्रक

पहिल्यांदाच घरी १५ ते १८ पाहुणे बोलावणारा यजमान बहुधा पदार्थांची यादी आवडीनुसार करतो आणि संध्याकाळी सात वाजता, पाहुणे दारात असताना, चार गोष्टी एकाच वेळी तळायच्या आहेत हे त्याच्या लक्षात येते. म्हणून पदार्थ निवडताना चवीइतकाच विचार तो पदार्थ किती आधी करून ठेवता येतो याचा करावा. या लेखात सहा पदार्थ सुचवले असून त्यांपैकी एकच, म्हणजे सांबारवडी (कोथिंबिरीचे सारण भरलेली वडी), आयत्या वेळी तळायची आहे. बाकीचे आधीच्या चार दिवसांत किंवा त्या दिवशी सकाळी उरकतात, किंवा नुसते उकडून-वाफवून वाढता येतात.

डिसेंबरअखेरचा नागपूरचा बाजार या कामाला अनुकूल असतो. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्यात येणारी, संत्री आलेली असतात, सांबार म्हणजेच कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी मिळते, आणि तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागलेले असतात. खोबरे, खसखस, चारोळी आणि खडा मसाला इतवारीच्या किराणा बाजारातून एकदाच आणावा. भाजीसाठी कॉटन मार्केट किंवा घराजवळचा आठवडी बाजार पुरेसा आहे. संत्री घाऊक घ्यायची असतील तरच कळमन्याच्या घाऊक बाजारापर्यंत जाण्यात अर्थ आहे, कारण आपल्याला डझन-दीड डझनापेक्षा जास्त लागणार नाहीत.

प्रमाणाचा अंदाज असा ठेवावा : नंतर जेवण असेल तर प्रत्येकी सहा-सात लहान नग पुरतात, आणि हे खाणेच जेवण असेल तर दहा-बारा लागतात. आमंत्रण देतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, कोणाला शेंगदाणे, तीळ किंवा काजू यांचा त्रास होतो का; दुसरी, कांदा-लसूण न खाणारे कोणी आहे का. मार्गशीर्षातला गुरुवार त्याच दिवशी येत असेल तर उपास करणाऱ्यांचीही चौकशी करावी. पुढील सर्व प्रमाणे १५ जणांसाठी, नेहमीच्या आमटीच्या वाटीने दिली आहेत.

चार दिवस आधी : चिवडा

अर्धा किलो पातळ पोहे चाळून मंद आचेवर, थोडे थोडे करून, कुरकुरीत होईपर्यंत कोरडे भाजून घ्यावेत. दुपारचे ऊन चांगले असेल तर आधी दोन तास उन्हात ठेवल्यास भाजण्याचा वेळ निम्मा होतो. पाऊण वाटी तेलात एक वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी फुटाण्याची डाळ आणि अर्धी वाटी खोबऱ्याचे काप क्रमाने तळून बाजूला काढावेत. त्याच तेलात मोहरी, हिरव्या मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता घालून दोन्ही अगदी कडक होईपर्यंत परतावे, कारण चिवडा मऊ पडण्याचे नेहमीचे कारण ओलसर राहिलेली मिरची हेच असते. मग हळद, हिंग आणि मीठ घालून पोहे हलक्या हाताने कालवावेत, आणि दोन चमचे पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच मिसळावी. घट्ट झाकणाच्या डब्यात हा चिवडा पंधरवडाभर टिकतो. थोडा जास्तच करावा, कारण शेवटच्या पदार्थावर तो पुन्हा लागणार आहे.

दोन दिवस आधी : संत्रा बर्फी

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि संत्रा बर्फी तर शहराची भेटवस्तूच झाली आहे. मात्र घरी करताना ती दोन ठिकाणी बिघडते, आणि दोन्हींची कारणे समजून घेतली तर पहिल्याच प्रयत्नात जमते.

पहिली अडचण कडवटपणाची आहे. संत्र्याच्या बिया आणि फोडींवरची पांढरी साल यांत कडूपणा आणणारे घटक असतात, आणि रस नुसता ठेवला किंवा तापवला की तो कडूपणा वाढत जातो. ताजा गोड लागलेला रस तासाभराने कडवट का लागतो याचे उत्तर यातच आहे. म्हणून सहा मध्यम संत्री सोलून प्रत्येक फोडीचे आवरण, शिरा आणि बिया काढून केवळ गर घ्यावा, तो मिक्सरमध्ये फिरवू नये, आणि गर काढल्यावर लगेच शिजवायला घ्यावा. हे काम किचकट आहे, त्यामुळे घरातल्या एखाद्या दुसऱ्या माणसाला सोबत बसवावे. साधारण दोन वाट्या गर निघतो. सुगंध हवा असेल तर न सोललेल्या एका संत्र्याची फक्त वरची केशरी साल बारीक किसणीवर हलकेच किसून घ्यावी. पांढऱ्या थरापर्यंत किसणी गेली की कडवटपणा आलाच समजावा.

दुसरी अडचण दूध फाटण्याची. संत्रे आंबट असल्याने त्याचा रस दुधात किंवा पातळ खव्यात घातला की ते दाणेदार होऊन फाटते. यावर उपाय म्हणजे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिजवून शेवटी एकत्र करणे. स्टीलच्या किंवा नॉनस्टिक कढईत गर आणि २०० ग्रॅम साखर घालून मध्यम आचेवर पंधरा ते वीस मिनिटे आटवावे. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई आंबट गरासाठी वापरू नये. उलथण्याने कढईच्या तळाशी रेघ ओढली असता ती क्षणभर तशीच राहिली, म्हणजे गर तयार झाला. दुसऱ्या कढईत अर्धा किलो ताजा खवा मोडून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे परतावा, कडेला किंचित तूप दिसू लागले की गॅस बंद करावा आणि पाच मिनिटे थांबावे. मग आटलेला गर त्यात घालून पुन्हा मंद आचेवर, मिश्रण कढईपासून सुटून एकत्र गोळा होईपर्यंत सतत हलवावे. शेवटी किसलेली साल आणि दोन चमचे दुधात भिजवलेले केशर घालावे. रंगाची पूड घालण्याचा मोह टाळलेला बरा. घरच्या बर्फीचा फिकट पिवळसर रंगच तिची ओळख असते.

तूप लावलेल्या ताटात हे मिश्रण बोटाच्या एका पेराहून थोडे कमी जाडीचे थापावे, वरून बदामाचे काप दाबावेत आणि चार-पाच तास तसेच राहू द्यावे. ताजा खवा फार टिकत नाही, म्हणून वड्या कापून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि वाढण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढाव्यात. मिश्रण सैल राहून वड्या पडत नसतील तर ते पुन्हा कढईत घालून आणखी पाच मिनिटे आटवता येते. यात काहीही वाया जात नाही.

आदल्या दिवशी : तर्री आणि पूर्वतयारी

मध्यरात्रीनंतर पाहुण्यांना काहीतरी गरम आणि झणझणीत हवे असते, आणि नागपुरात त्याचे उत्तर तर्री पोहे हेच आहे. तर्री, म्हणजे काळ्या हरभऱ्यांचा झणझणीत पातळ रस्सा, मुरल्यावर अधिक चांगली लागते, म्हणून ती ३० तारखेलाच करून ठेवावी.

त्याच्या आदल्या रात्री ३०० ग्रॅम काळे हरभरे भिजत घालावेत आणि सकाळी मीठ घालून प्रेशर कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या होईपर्यंत शिजवावेत. दाणा बोटांनी दाबला की फुटला पाहिजे, पण आकार धरून राहिला पाहिजे. वाटणासाठी चार मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर गडद तपकिरी होईपर्यंत भाजावेत. एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन चमचे खसखस, दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, थोडे दगडफूल, चार लवंगा, सहा-सात मिरे, एक मसाला वेलदोडा, दालचिनीचा तुकडा आणि सात-आठ सुक्या लाल मिरच्या वेगवेगळ्या भाजून, कांदा, आले आणि लसणासह बारीक वाटावे. खोबरे करपले तर सगळे वाटण कडू होते, त्यामुळे ते सर्वांत शेवटी आणि मंद आचेवर भाजावे.

पाऊण वाटी तेल तापवून वाटण घालावे आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतत राहावे. नवखा माणूस इथेच घाई करतो : वाटण कोरडे दिसले की पाणी ओततो आणि मग वर लाल तवंग येत नाही. पंधरा मिनिटे लागली तरी थांबावे. तेल सुटल्यावर आच कमी करून हळद आणि दोन चमचे लाल तिखट घालावे, मिनिटभर परतावे आणि शिजलेले हरभरे त्यांच्या पाण्यासह टाकावेत. लागणारे वाढीव पाणी उकळतेच घालावे. मीठ बेताने घालून, गंजावर (पातेल्यावर) अर्धवट झाकण ठेवून, बारीक आचेवर वीस मिनिटे उकळू द्यावे. तर्री पातळच असली पाहिजे, कारण ती पोह्यांत मुरायची आहे. गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या रात्री खळखळून उकळून मगच वाढावी.

याच संध्याकाळी सांबार निवडून घ्यावा. साधारण पाऊण किलो जुड्या घेऊन जाड देठ काढावेत, पाने दोन-तीन पाण्यांतून धुवावीत आणि सुती कापडावर पसरून रात्रभर वाळू द्यावीत. ओल्या सांबाराची वडी तळताना फुटते, आणि या पदार्थातले निम्मे अपयश या एकाच कारणाने येते.

त्या दिवशी सकाळी : पाटवडी

पाटवडी रश्शात सोडतात हे सर्वांना माहीत आहे, पण कोरडी, खोबरे-सांबार भुरभुरलेली पाटवडी हातात धरून खाण्यासाठीही उत्तम असते आणि ती गार असली तरी चालते. दोन वाट्या बेसन दीड वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवून ठेवावे. जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि आले-मिरचीचा ठेचा यांची फोडणी करून त्यात दोन वाट्या पाणी आणि मीठ घालावे. पाण्याला उकळी आली की आच कमी करून कालवलेले बेसन एका हाताने धार धरून ओतावे आणि दुसऱ्या हाताने सतत घोटावे. मिश्रण दोन-तीन मिनिटांतच घट्ट होते, तरीही बेसनाचा कच्चेपणा जाण्यासाठी झाकण ठेवून आणखी सात-आठ मिनिटे वाफ द्यावी आणि मधे दोनदा हलवावे. ओल्या बोटाने स्पर्श केल्यावर पीठ बोटाला चिकटले नाही, तर ते शिजले आहे.

तेल लावलेल्या ताटात ते गरम असतानाच वाटीच्या बुडाने थापावे, कारण गार झालेले पीठ पसरत नाही. वर सुके खोबरे, खसखस आणि चिरलेला सांबार दाबून शंकरपाळ्याच्या आकारात कापावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी हा पदार्थ सोयीचा आहे. त्यांचे ताट वेगळे ठेवले आहे हे त्यांना आवर्जून सांगावे.

दुपारी : सांबारवडी

या मेजवानीचा मानाचा पदार्थ हाच, म्हणून याला पुरेसा वेळ द्यावा. २४ वड्यांसाठी तीन वाट्या बेसन, एक वाटी कणीक, हळद, तिखट, ओवा आणि मीठ एकत्र करून त्यावर चार चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालावे. मोहन पिठाला चोळल्यावर मुठीत दाबलेला गोळा टिकला पाहिजे. पुरीच्या पिठाइतके घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवावे. थंडीत पीठ लवकर आखडते, तेव्हा ओल्या फडक्याखाली ठेवणे चांगले.

सारणासाठी वाळलेला सांबार बारीक चिरावा. कढईत चार चमचे तेल तापवून हिंग, हळद, दहा-बारा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि पाच-सहा हिरव्या मिरच्या परताव्यात. मग एक वाटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन चमचे भाजलेली खसखस, दोन चमचे तीळ, एक चमचा चारोळी आणि एक चमचा गरम मसाला घालून गॅस बंद करावा, आणि त्यानंतरच सांबार घालून कालवावे. सांबार शिजवायचा नाही. कढईच्या उष्णतेनेच तो जरासा बसतो. सारण गार झाल्यावर चिमूटभर साखर घालावी, आणि मीठ व लिंबू मात्र वड्या भरायला बसण्याच्या क्षणी घालावे, नाहीतर सांबाराला पाणी सुटते. मीठ घातल्यावर सारण ओलसर वाटलेच तर दोन चमचे भाजलेले बेसन मिसळावे.

लिंबाएवढा गोळा घेऊन तळहाताएवढी पातळ पुरी लाटावी. तिच्या आतल्या बाजूस चिंचेचा कोळ, तेल, तिखट आणि गरम मसाला यांचे मिश्रण बोटाने पुसटसे लावावे. पुरीच्या मधोमध दोन चमचे सारण आडवे ठेवून ते बोटांनी दाबावे, म्हणजे आत हवा राहत नाही. एक बाजू सारणावर घ्यावी, कडेला पाण्याचे बोट फिरवून दुसरी बाजू त्यावर आणावी, आणि दोन्ही टोके पुडी बांधल्यासारखी आत दुमडून घट्ट दाबावीत. सांध्याकडची बाजू खाली येईल अशी प्रत्येक वडी ताटात ठेवून वर कापड झाकावे. पहिल्या दोन-चार वड्या वेड्यावाकड्या होतील. त्या घरच्यांनी चाखून बघण्यासाठी ठेवाव्यात आणि मीठ-तिखटाचा अंदाज त्यांवरच घ्यावा.

तळणी दोन टप्प्यांत करावी. दुपारीच मध्यम आचेवर, एका वेळी चार-पाच वड्या सोडून, सांध्याची बाजू आधी तळून, सगळ्या वड्या फिकट रंगावर काढून ठेवाव्यात. तेल तयार आहे का हे बघण्यासाठी पिठाचा छोटा तुकडा टाकावा : तो आधी तळाशी जाऊन मग सावकाश बुडबुड्यांसह वर आला तर तेल योग्य आहे, आणि टाकताक्षणी वर येऊन लाल झाला तर तेल जास्त तापले आहे. तापलेल्या तेलात वरचे आवरण रंगते आणि आतला थर कच्चा राहतो. रात्री पाहुणे बसल्यावर याच वड्या जरा मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे तळल्या की कुरकुरीत होतात आणि यजमानाला स्वयंपाकघरात अडकून पडावे लागत नाही.

पहिल्यांदा तळणाऱ्याने काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कढई निम्म्याहून अधिक भरू नये, तिचा कान शेगडीच्या कडेबाहेर येऊ देऊ नये, सैल बाह्यांचे किंवा ओढणीचे कपडे घालून तळायला उभे राहू नये, आणि तेल तापत असताना दाराची घंटा वाजली तर आधी गॅस बंद करून मग दार उघडावे. तेलाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात टाकू नये. गॅस बंद करून कढईवर मोठे झाकण सरकवावे आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत उचलू नये.

सांबारवडीसोबत नागपुरात कढी देतात. एक वाटी आंबट दही, दोन चमचे बेसन आणि चार वाट्या पाणी घुसळून, जिरे-कढीपत्ता-मिरचीची फोडणी देऊन, सतत ढवळत एक उकळी आणावी. ती लहान पेल्यांतून दिली तर उभ्याने खाणाऱ्यांचीही सोय होते.

पाहुणे येण्याच्या सुमारास

सर्वांत आधी तुरीच्या शेंगा पुढे ठेवाव्यात. दोन किलो शेंगा धुऊन, मोठ्या गंजात चांगले खारट पाणी उकळून त्यात वीस ते पंचवीस मिनिटे उकडाव्यात आणि निथळून गरम गरम परातीत ओताव्यात. शेंगा सोलण्यात हात गुंततात, गप्पा सुरू होतात आणि यजमानाला वड्या दुसऱ्यांदा तळायला निवांत अर्धा तास मिळतो. सालांसाठी रिकामी टोपली शेजारीच ठेवावी. भरपूर दाणे असलेल्या, न वाळलेल्या शेंगाच निवडाव्यात; पिवळट पडलेल्या शेंगा कितीही उकडल्या तरी कडक राहतात.

शेंगांनंतर चिवडा आणि पाटवडी, मग कढीसह सांबारवडी, आणि त्यानंतर बर्फी असा क्रम ठेवावा. डिसेंबरअखेर नागपुरात रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे गच्चीवर बसायचे असेल तर सांबारवडी एकदम न तळता आठ-आठच्या घाण्यात तळून वर पाठवावी. कढी आणि तर्री दोन तासांहून अधिक काळ कोमट अवस्थेत ठेवू नयेत. एक तर त्या गरम असाव्यात किंवा फ्रिजमध्ये असाव्यात.

पोहे बाराला थोडा अवकाश असताना घ्यावेत. एक किलो जाडे पोहे चाळणीत धुऊन पाणी निथळून दहा मिनिटे ठेवावेत आणि कांदा, मिरची, हळदीच्या फोडणीवर झाकण ठेवून पाच मिनिटे वाफवावेत. बशीत आधी पोहे, त्यावर हरभऱ्यांसह एक डाव उकळती तर्री, मग चिरलेला कांदा, सांबार, मूठभर चिवडा आणि लिंबाची फोड द्यावी. तिखट न खाणाऱ्यांना वरचा तवंग बाजूला सारून खालचा रस्सा द्यावा.

उरलेल्या सांबारवड्या फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगल्या राहतात, आणि त्या तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता शेकून घ्याव्यात; मायक्रोवेव्हमध्ये त्यांचे आवरण वातड होते. तळणीचे उरलेले तेल गार झाल्यावर गाळून ठेवावे, दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावे, आणि पुन्हा तळणीसाठी वापरू नये.